बर्फ पडताना आवाज होतो का?

आमच्या घरी चपलांचा एकच जोड होता. माय तेंदूपत्ता तोडायला गेली की तो तिच्या पायात, माय घरी असली की माझ्या. मायचा पाय मोठा. माझ्या टाचेमागे चप्पल दोन बोटं उरायची आणि चालताना फटाक फटाक वाजायची. बाबांना चपला नव्हत्याच. त्यांच्या टाचांच्या भेगा एवढ्या खोल होत्या की बांबूतोडीहून आले की ते सुईनं त्यातली कुसळं काढत बसायचे.

आमचं गाव चामोर्शीच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेलं. दीड एकरातला धान होळीपर्यंत पुरायचा. त्यानंतर घर जंगलावर चालायचं. मोहफुलं, तेंदू, बांबू, चारोळी. मोहफुलं चिंचोक्यांबरोबर शिजवून खाल्लेली मला आठवतात. हे मी कोणाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. ती चव मला अजून आवडते. पण रोज तेच खाणं वेगळं आणि आवडीनं खाणं वेगळं, एवढं मात्र सांगायला पाहिजे.

गावात चौथीपर्यंत शाळा होती आणि शाळेत एकच मास्तर, पुंडलिक गुरुजी. ते गोंडपिपरीकडचे. आमच्याच गावात एक खोली घेऊन राहायचे. चौथीत त्यांनी भारताचा नकाशा टांगला आणि वर बोट ठेवून सांगितलं की इथं हिमालय आहे आणि तिथं आभाळातून बर्फ पडतो. आम्ही पोरं नुसती बघत राहिलो. गुरुजी बाहेर गेले, सावरीच्या झाडाखालचा मूठभर कापूस आणला, टेबलावर चढले आणि वरून सोडला. पांढरे पुंजके हळूहळू खाली आले. "असा पडते," ते म्हणाले.

मी हात वर केला. "गुरुजी, बर्फ पडते तवा आवाज होते का?"

सगळी पोरं हसली. पण माझा प्रश्न खरा होता. आमच्याकडे वरून पडणारी वस्तू म्हणजे मोह. पहाटे टोपली घेऊन गेलं की अंधुक उजेडात फुलं दिसत नाहीत, पण टप, टप असा आवाज येतो. त्या आवाजावरून माय सांगायची की आज कोणतं झाड भरात आहे.

गुरुजी टेबलावरून उतरले. म्हणाले, "मले मालूम नाई. मी पाह्यलो नाई. पाहून सांगीन."

मोठ्या माणसानं 'मला माहीत नाही' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पाचवीची शाळा डोंगराच्या पलीकडे, पायी दोन तासांवर. बाबांचं म्हणणं, पोट्टी घरी राहील. गुरुजी तीन दिवस रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "गुरुजी, वाटच नाई तिकडं जायाले. चला, दाखवतो तुमाले." म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं निघालो, बाबा, गुरुजी आणि मी.

वाट खरंच नव्हती. जिथं जिथं फाटा फुटायचा तिथं बाबा एक डहाळी मोडायचे आणि जमिनीवर ठेवायचे. मोडकं टोक जिकडे, तिकडे जायचं. चुकीच्या वाटेवर एक डहाळी आडवी टाकायचे. म्हणजे इकडे नाही. गुरुजींनी दोनतीनदा विचारून समजून घेतलं. बाबा म्हणाले, "अन् तरी वाट सुटली त पोट्टीनं फिराचं नाई. होती तिथी बसाचं. फिरनाऱ्याले शोधता येत नाई, बसनाऱ्याले येते."

अर्ध्या वाटेत गोट्यांची एक रास लागली. कधीकाळी तिथं एका बाईला वाघानं नेलं होतं. येणारा-जाणारा तिथं एक गोटा ठेवतो आणि न थांबता, मागं न पाहता पुढे जातो. बाबांनी ठेवला. मी ठेवला. गुरुजी हात मागं बांधून उभे राहिले. "गोटे ठेवून वाघ हटला असता त सरकारनं जंगलभर गोटेच ठेवले असते," ते म्हणाले. बाबा हसले, पण मला हळूच म्हणाले, "तू ठेवत जाय."

मी सहा वर्षं ठेवत गेले. मग चंद्रपूरचं वसतिगृह, भूगोलात बी. ए., एम. ए., बी. एड. आमच्या घरात आणि आमच्या गावात पदवी घेणारी मी पहिली. आज मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. हिमनदी शिकवते, हिमरेषा शिकवते, आणि बर्फ मी फ्रिजमधलाच पाहिलेला होता.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आणि यंदा फेब्रुवारीत चामोर्शीच्या बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी पुंडलिक गुरुजी भेटले. वय सहासष्ट, एक गुडघा कुरकुरणारा, हातात तीच काळी छत्री. मला पाहून म्हणाले, "अंजू, तुह्या सवालाचं उत्तर देयाचं राह्यलं पाय."

अठ्ठावीस वर्षं झाली होती. मला वाटलं होतं ते विसरले असतील.

"चला मग," मी म्हटलं.

निघताना

गुरुजींच्या घरच्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. त्या ऐकून हसतच सुटल्या. "बर्फ पाहाले चालले म्हणे! इथी फ्रिज उघडून पाहा न. तिकीट लागत नाई."

"त्याच्यात पडताना दिसत नाई ना वं," गुरुजी म्हणाले.

काकूंनी जवसाची चटणी, मुरमुरे आणि मोहाचे लाडू बांधून दिले. ट्रंकेतून एक माकडटोपी काढली, तिला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. मी निघताना त्यांनी मला दाराआड ओढलं. आता त्या हसत नव्हत्या. "त्यायचा गुडघा तुले मालूम हाय. ते कोनाचं ऐकत नाई, पण तुह्यं ऐकतेत. पायी नेऊन राह्यली त पायीच परत आणजो."

"आणते काकू," मी म्हटलं. या सगळ्या प्रवासात माझ्या डोक्यावर ओझं होतं ते एवढंच. बाकीचं सामान पाठीवर होतं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. चंद्रपूरच्या स्टेशनवर लोखंडी बाकाला हात लागला तर भाजत होतं. गुरुजींनी तिथंच माकडटोपी घालून पाहिली. शेजारची एक बाई पोराला घेऊन उठून दुसऱ्या बाकावर गेली.

रस्ता संपतो ते गाव

गाडीचा कंटाळा सांगत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही कुल्लूच्या वरच्या अंगाला, जिथं डांबरी रस्ता संपतो अशा एका लहानशा गावात पोचलो. लाकडाची घरं, छपरांवर दगडी पाट्या. खाली गाई-बकऱ्या, वर माणसं. गुरुजींनी ते बघून लगेच हिशेब लावला, "म्हंजे खालून गोठ्याची ऊब वर येते. आमच्या इकडे असं केलं त उन्हाळ्यात मानूस शिजून जाईल."

आमचा वाटाड्या देवीराम, चाळिशीचा, बुटका, गालांवर उन्हानं तांबडे डाग पडलेला. पाचवीपर्यंत शिकलेला. गुरुजी मास्तर होते हे कळल्यावर त्यानं आधी पाय शिवले आणि मग पिशवी उचलली. त्याच्या आईनं आम्हांला 'सिड्डू' खाऊ घातलं. आंबवलेल्या कणकेत अक्रोडाचं सारण भरून वाफवतात आणि वरून तूप ओततात. मी पहिला घास घेतला आणि मला मायचे पानगे आठवले. पळसाच्या पानात थापून निखाऱ्यावर भाजलेले, पानाच्या शिरा उमटलेले. माय पानगे करायची तेव्हा घरात तूप नसायचं. पण पानाचा वासच एवढा असायचा की तुपाची आठवण यायची नाही. सिड्डूला पानाचा वास नव्हता. तूप मात्र भरपूर होतं. मी चार खाल्ले.

संध्याकाळी देवीरामनं अंगणात बसून उद्याची वाट समजावली. वर एक कुरण आहे, उन्हाळ्यात मेंढपाळ जातात. मे संपेपर्यंत तिथं बर्फ असतो. मध्ये मेंढपाळांची दगडी झोपडी आहे, रात्री तिथं राहायचं. वाटेवर पाट्या नाहीत, रंगाच्या खुणा नाहीत. त्यानं अंगणातले तीन गोटे उचलले आणि एकावर एक ठेवले.

"मैडमजी, मास्टरजी, यह देख लो। जहाँ पत्थर पर पत्थर, वहाँ रास्ता। सर्दी में बहुत सारे गिर गए हैं, तो जो बचे हैं उन्हीं को पकड़ के चलना है।"

मी त्या तीन गोट्यांकडे बघत राहिले. आमच्याकडे गोट्यावर गोटा म्हणजे इथं माणूस गेलं. इथं गोट्यावर गोटा म्हणजे इथून माणसानं जावं. मी गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "इथले गोटे कामाचे हायेत."

हे मी मुद्दाम लिहिते. मला सांगितलेलं नव्हतं असं नाही. मला सांगितलेलं होतं.

पहिला दिवस, झोपडीपर्यंत

देवदारांच्या जंगलातून चढ. जंगल म्हटलं की माझे कान आपोआप उघडे होतात, पण या जंगलात पायाखाली पानं वाजत नव्हती. सुया पडलेल्या, गादीसारख्या. आमच्याकडे एप्रिलात सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं आणि अर्ध्या मैलावरच्या सांबराला कळतं की अंजू आली. इथं आम्ही तिघं चोरासारखे चाललो होतो.

दुपारी देवदार विरळ झाले आणि एका वळणावर मी थांबलेच. समोरचा उतार सगळा लाल. पानांपेक्षा फुलं जास्त. क्षणभर मला खरंच वाटलं पळस आहे. तोच महिना, तोच रंग, आणि झाडाची तीच वाकडीतिकडी ठेवण. देवीरामनं सांगितलं, बुरांश. त्यानं दोन फुलं तोडून दिली, खातात म्हणे. आंबटसर लागली. आम्ही लहानपणी पळसाच्या फुलातलं पाणी चोखायचो, ते गोड असायचं. आणि त्या लाल झाडांच्या मुळाशी, सावलीत, बर्फाचा पहिला तुकडा होता. मळका, कडेनं गळणारा, गुरं बसून उठल्यावर गोठ्याची जमीन दिसते तसा.

गुरुजींनी छत्रीच्या टोकानं तो खोचून पाहिला. "हाच का?"

"हाच जी."

"अठ्ठावीस वर्षं याच्यासाठी?" मग माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसले. "पण हे पडलेलं हाय. पडताना पाह्याले पाह्यजे."

झोपडीत राजमा-भात झाला. जवसाची चटणी देवीरामला एवढी आवडली की तो नुसतीच बोटानं चाटत होता. गुरुजींचा गुडघा सुजला होता. मी तेल चोळून दिलं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग डोळे मिटून घेतले.

दुसरा दिवस, कुरण

सकाळी आभाळ निळंशार. झोपडीच्या वर बुरांशची झुडपं बुटकी होत गेली, त्यात भुर्जाची पांढऱ्या सालीची झाडं. बर्फाचे तुकडे आता एकमेकांना जोडले गेले होते. देवीराम गुरुजींच्या मागं राहून त्यांना आधार देत चढत होता, म्हणून मी पुढे गेले. पुढे जाणं सोपं होतं. एका राशीपासून पुढची रास शोधायची. तीन गोटे, चार गोटे. काही बर्फात बुडून वरचा एकच दिसायचा.

तासाभरानं डोंगराचा एक खांदा लागला. वाट तिथं वळत होती. उतरताना डाव्या हाताला येईल अशी मेंढ्यांची एक पुसट वाट दुसऱ्याच उतारावर जात होती. मी तिथं दम खायला थांबले. मागचे दोघं दिसत नव्हते. समोर सगळी पांढरी शिखरं, त्यांची नावं मी वर्गात फळ्यावर लिहिते, आणि आता त्यातलं कोणतं कुठलं हे मला ओळखता येईना. आणि मला बाबा आठवले. एकदम. त्यांच्या टाचा आठवल्या. त्यांनी मोडलेल्या डहाळ्या, ज्यांच्यामागून चालत मी इथपर्यंत आले होते. त्यांनी चंद्रपूर सोडून दुसरं शहर पाहिलं नव्हतं.

माझा हात खाली गेला. एक सपाट गोटा घेतला, त्यावर दुसरा, तिसरा, चौथा. खिशात काकूंनी दिलेला लाडू होता, त्याचा तुकडा वरच्या गोट्याखाली ठेवला. मी भूगोलाची पदवीधर आहे, आणि ही रास गुरुजींना दिसू नये म्हणून मी ती वाटेवर नाही, थोडी बाजूला रचली. मेंढ्यांच्या वाटेच्या तोंडाशी. मग मागं न पाहता चालू लागले, जसं बाबांनी शिकवलं होतं.

मागं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी बाराच्या सुमाराला कुरणावर पोचलो. आता काय सांगू. डोळे उघडे ठेवता येत नव्हते एवढं पांढरं. गुरुजींनी बूट काढले. मोजे काढले. मी ओरडले, "गुरुजी, पाय गोठतील!" त्यांनी ऐकलं नाही. अनवाणी पायांनी बर्फात उभे राहिले, लहान पोरासारखं "आईऽगऽ" केलं आणि दहा मोजून परत मोजे घातले. देवीराम पोट धरून हसत होता. गुरुजींनी बर्फाचा गोळा करून मला मारला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला मारलेली ही पहिली वस्तू. खडूसुद्धा कधी फेकून मारला नव्हता.

पण आभाळ निळंच होतं. गुरुजी वर बघत बसले. "पडून नाई राह्यला," ते म्हणाले, पाहुणा आला नाही की माणूस जसं म्हणतो तसं.

एक वाजता शिखरांच्या मागून ढग आले. देवीराम लगेच उठला. "चलो।" आणि नेमका तेव्हा माझ्या भाड्याच्या बुटाचा तळवा निघाला. पुढून जबड्यासारखा उघडला. देवीराम खाली बसून तो सुतळीनं बांधू लागला.

"तुम्ही बांधा," गुरुजी म्हणाले. "मी सरकतो हळूहळू. माह्या पायानं वेळ लागते."

"थांबा न गुरुजी, मिळून जाऊ."

"अवो, गोटे तर हायेत. काऊन भेतं? देवीरामजी, गोटे पकडूनच जातो, हाव ना?"

देवीरामच्या तोंडात सुतळी होती. त्यानं मान हलवली. "पत्थर के साथ-साथ मास्टरजी। मोड़ पे रुकना।"

आमच्याकडचे म्हातारे असेच. बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात, कुठंही जायचं असो, बरोबर निघणार नाहीत. "तुम्ही या मागून" म्हणून आधीच चालू लागतील. मी त्यांना जाऊ दिलं. काळी छत्री उतरणीवर लहान लहान होत गेली.

बूट बांधून होईतो ढग अंगावर आले होते आणि बर्फ पडू लागला.

वळण

बर्फ पडताना पाहणं हे मी किती वर्षं मनात रंगवलं होतं. प्रत्यक्षात पडला तेव्हा मी वर पाहिलंच नाही. खाली बघत होते, गुरुजींची पावलं दिसतात का ते. पहिल्या दोनशे पावलांवर दिसली, मग भरून गेली. वीस हातांपलीकडे सगळं दुधासारखं.

वळणावर आलो. गुरुजी नव्हते.

"नीचे निकल गए होंगे," देवीराम म्हणाला. आम्ही उजवीकडे वळून खाली गेलो. पुढची रास लागली. देवीरामनं आजूबाजूचा बर्फ पाहिला, हातानं वरचा थर झाडून पाहिला. तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "यहाँ से कोई नहीं गया।"

मला कळलं. देवीरामला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

"देवीरामजी," मी म्हटलं, "वरती वळणावर डावीकडे एक रास आहे. ती तुमची नाही. ती मी रचली." मग हिंदीत, मग परत मराठीत, कारण शब्द एकत्र येत नव्हते. "मेरे बाबा के लिए. हमारे यहाँ रखते हैं."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "बाएँ? भेड़ वाली पगडंडी पे?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आगे नाला है। सीधा," आणि हातानं खाली दाखवलं. मग आम्ही वर पळालो. मी पळाले म्हणते, पण गुडघाभर बर्फात माणूस पळत नाही, नुसता धडपडतो. काकूंचा आवाज कानात होता. पायी नेऊन राह्यली त पायीच परत आणजो.

माझी रास जागेवर होती. तिच्यावर चार बोटं बर्फ, पण उभी, व्यवस्थित, देवीरामच्या राशींपेक्षाही सुबक. देवीराम मेंढ्यांच्या वाटेवर पुढे गेला आणि थांबला. तिथं उतारावर वाट दोनतीन ठिकाणी फुटत होती आणि सगळीकडे सारखाच पांढरा. त्यानं हाक मारली. "मास्टरजीऽ!" उत्तर नाही. तो एकदा खाली बघत होता, एकदा वर. कोणती धरावी हे त्यालाही कळेना.

मी मात्र खाली, पायाशी बघत होते. बुरांशच्या झुडपाची एक डहाळी बर्फावर पडली होती. तिच्यावर नुकताच बर्फ साचू लागला होता. लाल फुलासकट. मोडकं टोक उतारावर, भुर्जाच्या झाडांकडे.

"ही वाऱ्यानं नाही मोडली," मी म्हटलं.

देवीरामनं डहाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हवा से रोज़ टूटती हैं मैडमजी।"

"पुढची पण अशीच असली तर हवा नाही." मी पुढे झाले. पंधरा पावलांवर दुसरी. टोक तिकडेच. आणि बाजूच्या फाट्यावर एक डहाळी आडवी. इकडे नाही. हे अक्षर मी ओळखत होते. मला अ-आ-ई गुरुजींनी शिकवलं, पण हे बाबांनी शिकवलं होतं, मला आणि त्यांनाही, एकाच सकाळी.

मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक दिली. नावानं नाही. मोह वेचताना आम्ही एकमेकींना देतो ती, "हूऽऽऽ," लांब, शेवटी वर चढवलेली. माय ती देऊन पाहायची की मी ऐकण्याच्या अंतरात आहे की नाही.

थोड्या वेळानं खालून आलं, "हूऽऽ." अगदी बेसूर. गुरुजींना कधीच ती नीट जमायची नाही.

ते एका भुर्जाच्या बुंध्याला टेकून दगडावर बसले होते. त्यांच्यापुढे दहा पावलांवर उतार संपत होता आणि त्यापुढे काहीच दिसत नव्हतं, नुसता ढग. माकडटोपीवर, खांद्यांवर, भुवयांवर बर्फ. आणि छत्री मिटून मांडीवर ठेवलेली.

मी ओरडलेच. "गुरुजी! छत्री तरी उघडायची न!"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "चूप."

मी गप्प झाले. देवीराम गप्प झाला. आम्ही तिघं तसेच राहिलो. ढगातून पांढरे पुंजके येत होते, सावरीच्या कापसासारखे, आणि गुरुजींच्या बाहीवर, माझ्या हातावर, डहाळ्यांवर बसत होते. मी सगळा जीव कानात आणला. मोहाचं झाड सोडून इतक्या एकाग्रतेनं मी कधी काही ऐकलं नसेल.

"नाई होत," गुरुजी म्हणाले. "छत्री उघडली होती त तिच्यावर सुरसुर करून राह्यला होता. म्हंतलं हा छत्रीचा आवाज हाय, बर्फाचा नाई. म्हणून मिटली." मग माझ्याकडे पाहून, "बिलकूल नाई होत आवाज, अंजू."

मी तिथंच बर्फात बसून रडले. रास मी रचली होती हेही तेव्हाच सांगून टाकलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोटे ठेवनारी ग्रॅज्युएट. अन् मी गावभर सांगत फिरलो का माही पोट्टी सुधरली." त्यांचे ओठ निळे पडले होते, तरी ते हसत होते. "कोनासाठी होती?"

"बाबांसाठी."

त्यांनी भुवयांवरचा बर्फ पुसला. "ढगात वळण समजलं नाई, रास दिसली त तिकडंच गेलो. वाट सरली तवा मात्र फिरलो नाई. तुह्या बाबानं सांगतलं होतं ते ध्यानात होतं. बसलो."

देवीरामनं आपलं जाकीट काढून त्यांच्या अंगावर घातलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. गुडघा दुखत होता, पण ते चालले. वर वळणापाशी आलो तेव्हा मी आधी माझी रास पाडायला गेले. देवीरामनं हात धरला नाही, मदत केली. लाडवाचा तुकडा निघाला तो त्यानं कपाळाला लावून पाखरांसाठी बाजूच्या दगडावर ठेवला. मग ते चारही गोटे उचलून त्यानं उजवीकडे, खऱ्या वाटेवर नेले. तिथली जुनी रास हिवाळ्यात पडली होती. त्यानं ती माझ्या गोट्यांनी परत उभी केली आणि वरून दाबून पाहिली, हलते का.

"यहाँ नहीं रह सकते थे आपके बाबूजी," तो म्हणाला. "यहाँ रहेंगे। रास्ता दिखाएँगे।"

गुरुजी बघत होते. मग छत्रीवर भार देऊन कष्टानं वाकले, बर्फ उकरून एक लहान गोटा काढला आणि सगळ्यांत वर ठेवला. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या राशीपाशी त्यांनी एवढ्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. "चाल," एवढंच म्हणाले.

परत

झोपडीत देवीरामनं त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले आणि मीठ घातलेला गरम चहा दिला. गुरुजींनी तो चहा प्यायला आणि म्हणाले की याच्यापेक्षा लाकडं उकळून द्यायची होती. तेव्हा मला कळलं की ते बरे आहेत.

आता चंद्रपुरात ऊन मी म्हणतंय. परवा पहाटे मी गावी होते. मायबरोबर मोह वेचायला गेले. हंगाम सरत आला आहे, शेवटची फुलं. टप. थोडं थांबून, टप. शाळेच्या जुन्या वाटेवर आता डांबर झालं आहे आणि पोरं बसनं जातात. पण गोट्यांची रास तशीच आहे. मी एक गोटा ठेवला. तो त्या रस्त्यावर कोणाची वाट चुकवणार नाही.

पुंडलिक गुरुजी आमच्या शाळेत जाऊन चौथीच्या पोरांना सांगून आले की बर्फ पडताना आवाज होत नाही, आणि हे पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतः ऐकलेलं आहे. चौथीत विचारलेल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आणि गुरुजींना मी काकूंच्या दारात, त्यांच्या स्वतःच्या पायांनी चालत, परत आणून सोडलं.